झोपेची हजेरी

आमच्या नववी 'क'मध्ये हजेरीला कोणी 'हजर' म्हणत नसे. सोनकांबळे बाई नंबर पुकारायच्या आणि आम्ही वेळ सांगायचो. काल किती वाजता झोपलो, आज किती वाजता उठलो, एवढंच.

"साडेदहा, सहा."

"अकरा, साडेसात."

"एक, नऊ, बाई. क्रिकेटची मॅच होती."

बाई मान वर न करता हजेरीपटाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक आकडे लिहायच्या. शाबासकी नाही, रागावणं नाही. पहिल्या आठवड्यात सगळा वर्ग खिदळत होता. मागच्या बाकावरच्या एकानं तर छाती पुढे काढून सांगितलं, "बाई, मी झोपलोच नाय. डायरेक्ट शाळेत आलो."

"मग आता झोप," बाई म्हणाल्या. "खिडकीजवळचा बाक रिकामा आहे. दप्तर उशाला घे."

वर्ग हसला. तोही हसत हसत आडवा झाला आणि पाच मिनिटांत खरंच झोपला. मराठीच्या सरांचा तास झाला, गणिताचा झाला, बाईंनी दोघांनाही दारातच काहीतरी सांगितलं असावं. मधल्या सुट्टीत तो उठला तेव्हा त्याच्या गालावर दप्तराच्या चेनची रेघ उमटली होती आणि चेहरा लहान मुलासारखा झाला होता. त्यानंतर हजेरीला कोणी फारसं हसलं नाही.

मी कळंबहून आले होते. सातवीपर्यंत तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आणि वडिलांना चाकणच्या बाजूला कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही कुरुळीत खोली घेतली. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. त्यामुळे शिक्षक म्हणजे काय, याबद्दल माझ्या काही ठाम कल्पना होत्या. शिक्षक ताठ चालतात. शिक्षक जांभई देत नाहीत. सोनकांबळे बाई दोन्ही बाबतींत नापास होत्या.

त्या आमच्या वर्गशिक्षिका आणि शिवाय पी.टी.च्या बाई. अंगानं भरलेल्या, उंच, सावकाश चालणाऱ्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात निळ्या दोरीची शिट्टी, पण ती वाजलेली मला फार तर दोनदा आठवते. डोळे नेहमी अर्धे मिटलेले, आत्ताच कुठून तरी लांबून उठून आल्यासारखे. जांभई आली की तोंडापुढे हातही न धरता पूर्ण द्यायच्या. मुली फिदीफिदी हसल्या की म्हणायच्या, "जांभई ही शरीरानं पाठवलेली चिठ्ठी असते गं. चिठ्ठी आली तर वाचावी. न वाचता परत कशाला पाठवायची?"

आमची शाळा दुपारची होती, साडेबाराला भरायची. शनिवारी फक्त सकाळची. मैदानाच्या एका अंगाला शाळा आणि दुसऱ्या अंगाला एका कारखान्याची लांबच लांब भिंत. भिंतीपलीकडे पत्र्याला आकार देणारे मोठे प्रेस होते. पी.टी.च्या तासाची पहिली दहा मिनिटं बाई आम्हाला त्या भिंतीजवळ उताणं झोपवायच्या. चप्पल-बूट काढून, हात पसरून, वर बघत.

"कानानं नाही, पाठीनं ऐका," त्या म्हणायच्या.

सुरुवातीला काही ऐकू यायचं नाही. मग हळूहळू जमिनीतून एक धक्का वर यायचा. धम्म. थोड्या वेळानं पुन्हा धम्म. कानांना तो आवाज रोजचाच होता, पण पाठीला तो वेगळाच लागायचा. जणू जमिनीखाली कोणीतरी खूप मोठं, शांतपणे श्वास घेत पडलेलं आहे. वर आकाशात एखादी घार गोल फिरत असायची. वाऱ्याबरोबर रंगाचा आणि तेलाचा वास यायचा, कुठून तरी कांदा परतल्याचाही. "तिकडे आपल्यापैकीच कोणाचे तरी वडील उभे असतील," बाई त्यांच्या जड आवाजात सांगायच्या. "ते उभे आहेत म्हणून आपण पडलोय. पडून घ्या नीट." त्या बोलत राहायच्या आणि ढग कारखान्याच्या धुराड्यामागून निघून शाळेच्या टाकीपर्यंत जायचे. आजही मला शाळा आठवली की फळा आठवत नाही, ते ढग आठवतात.

एकदा मुख्याध्यापक फेरी मारायला आले आणि चाळीस पोरं मैदानावर निपचित पडलेली पाहून जागच्या जागी थांबले.

"बाई, हा पी.टी.चा तास आहे ना?"

"हो सर. सगळ्यात अवघड व्यायाम चालू आहे."

"कोणता?"

"काही न करण्याचा. तुम्हालाही जमतो का बघा."

सर निघून गेले. पण जाताना एकदा त्यांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मला तरी वाटलं, त्यांनाही क्षणभर झोपावंसं वाटलं असेल.

आता अश्विनीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय बाई कोण होत्या हे मला सांगता येणार नाही.

अश्विनी माने माझ्या बाकावर बसायची आणि आमच्याच चाळीत राहायची. पत्र्याच्या दहा खोल्यांची ओळ, त्यातली तिची तिसरी, आमची सातवी. तिचे वडील, आमचे मानेकाका, गेली आठ वर्षं कायम थर्ड शिफ्टला होते. संध्याकाळचं जेवून ते दहाला निघायचे, सकाळी साडेसातला कंपनीच्या बसनं उतरायचे, आणि नऊ ते चार झोपायचे. आमच्या चाळीत एक रीत होती. ज्या घरात रात्रपाळीचा माणूस झोपलेला आहे त्या घराच्या दाराच्या कडीला ओला पंचा बांधलेला असे. पंचा दिसला की दार वाजवायचं नाही. दूधवाला, गॅसवाला, मतांसाठी आलेले पुढारी, सगळ्यांना ते माहीत होतं. मानेकाकू डाळ उघड्या पातेल्यात शिजवायच्या, कारण कुकरची शिट्टी व्हायला नको. घरात सगळे कुजबुजत बोलायचे. अश्विनी लहानपणापासून अशीच बोलायला शिकली होती. शाळेतही ती कुजबुजायची. शिक्षक म्हणायचे, भित्री आहे. पोरं म्हणायची, म्यूट आहे.

नववीत तिच्या हातात मोबाइल आला आणि तिचा दिवस उलटा झाला. काका कामावर गेले की एका खोलीचं घर तिला मोकळं मिळायचं. पहाटेपर्यंत ती मोबाइल बघायची आणि सकाळी अकरापर्यंत झोपायची. उठवणार कोण? आवाज करायचीच बंदी. पंच्याच्या आड बाप आणि लेक दोघं झोपलेले. उठली की चहात बुडवून दोन खारी खायच्या आणि शाळेत यायचं. ऊन तिनं किती दिवसांत पाहिलं नव्हतं कोण जाणे. हळूहळू ती माझ्याशीही बोलेनाशी झाली. मी एकदा विचारलं, "तुला वाईट वाटतंय का कशाचं?"

"न्हाई," ती म्हणाली. "वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. काहीच वाटत न्हाई."

हजेरीला तिचा नंबर आला की ती म्हणायची, "माहीत नाही." बाई तेही लिहायच्या. रोज, त्याच बारीक अक्षरात.

सहामाहीत ती पाच विषयांत नापास झाली. एका दुपारी नळावर हात धुताना तिनं मला सांगितलं की दिवाळीनंतर तिला केजकडे मामाच्या गावी ठेवणार आहेत. शाळा बंद. "पप्पा म्हणाले, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, शिकून काय करायचंय." दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं तिनं हे सांगितलं आणि हात ओढणीला पुसले.

मी धावत बाईंकडे गेले. या सगळ्यात मी काय केलं असं कोणी विचारलं, तर एवढंच केलं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर बाई माझ्याबरोबर आमच्या चाळीत आल्या. अश्विनी त्या दिवशी शाळेत आलीच नव्हती. दुपारचे बारा वाजत आले होते. मान्यांच्या कडीला पंचा होता. मला वाटलं, खुद्द बाई आल्यात म्हटल्यावर आज चालेल. मी पंचा सोडायला हात पुढे केला. बाईंनी माझं मनगट धरलं.

"कधी उठतात?" त्यांनी हळू विचारलं.

"चारला."

"मग चारला."

आणि त्या मान्यांच्या पायरीवर बसल्या. पर्स मांडीवर, पांढरे बूट उन्हात. मला वाटलं, पाच-दहा मिनिटं बसतील आणि जातील. माझ्या आईनं खुर्ची आणली, त्यांनी हातानंच नको म्हटलं. आईनं भाकरी आणि पिठलं आणलं, ते मात्र त्यांनी पायरीवरच खाल्लं आणि ताट स्वतः धुऊन दिलं. शेजारणी पदराआड हसत होत्या. "अगं, मास्तरीण हाय का जप्तीवाली?" एकीनं विचारलं. तिला बाईंनीच कुजबुजत उत्तर दिलं, "हळू बोला मावशी, भाऊ झोपलेत."

एकच्या सुमारास दार किलकिलं झालं. अश्विनी पाण्याला बाहेर आली, बाईंना पाहून दचकली, आत गेली आणि चटई घेऊन परत आली. दोघी शेजारी बसल्या. बाईंनी तिला काही विचारलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. पत्र्यावरचं ऊन हळूहळू सरकत होतं. हायवेवरून ट्रकचा लांबट आवाज येत होता आणि विरत होता. थोड्या वेळानं मी पाहिलं तर बाईंची मान खाली कलली होती. भर दुपारी, परक्या पायरीवर, त्या शांत घोरत होत्या. अश्विनी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि तिचेही डोळे मिटले. मी समोरच्या कट्ट्यावर बसून दोघींची राखण केली. त्या चार तासांत चाळीत एक भांडंसुद्धा पडलं नाही. मला तर वाटत होतं, सगळी कुरुळीच झोपली आहे आणि मी तिच्या स्वप्नात जागी आहे.

चारला मानेकाकांनी दार उघडलं. बनियन, लुंगी, डोळे सुजलेले.

"अगं बया! बाई?" ते ओरडलेच. "उठवायचं ना ओ मला! मास्तरीण उन्हात अन् मी आत घोरायलोय!"

बाई जाग्या झाल्या, पदर सावरला, आधी एक जांभई पूर्ण दिली. "मीही घोरतच होते, भाऊ. झोपलेल्या माणसाला उठवून झोपेबद्दल कसं बोलू? माझे वडीलही थर्डलाच होते. काळेवाडीत आमची एकच खोली होती, कडीला असाच पंचा. तो पंचा माझ्यानं सुटत नाही."

काका एकदम मऊ झाले. काकूंना चहा टाकायला सांगितला. "काय काम काढलं?"

"अश्विनी कधी झोपते, ते विचारायला आले."

"रात्रीच झोपत असंल की. मी कुठं असतो रात्री?" त्यांनी काकूंकडे पाहिलं.

काकू सवयीनं कुजबुजल्या. "मोबाइल बघत बसती. तुम्ही गेल्यावरच तिला मोकळं वाटतं. दिवसा बोलता येत न्हाई ना लेकराला."

"बोलता येत न्हाई म्हंजी? कुणी अडवलं?"

काकूंनी फक्त कडीकडे पाहिलं. पंचा आता वाळून कडक झाला होता. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग पायरीवर खाली बसले, बाई बसल्या होत्या तिथंच.

"म्हंजी माझ्यापायी झालं हे."

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी सगळ्यांनी आवाज खाली केला, ती मायाच आहे. हिचा आवाज परत वर आणायचं राहून गेलं, इतकंच. गावी पाठवलं तर तिकडे झोप मिळेल का तिला? मोबाइल तिकडेही जाईल. मला वार्षिक परीक्षेपर्यंत वेळ द्या. मग तुम्ही म्हणाल तसं."

काकांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. अश्विनी दारात उभी होती. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "मोबाइलचं मी बघतो. मी निघालो की माझ्या डब्याच्या पिशवीत घालायचा. माझ्याबरोबर येईल तो थर्ड शिफ्टला. लॉकरात पडंल. त्यालाबी कळू दे की रात्रपाळी काय असती."

बाई हसल्या. अश्विनीही किंचित हसली असावी, मला नीट दिसलं नाही.

"आणि सकाळी ही तुम्हाला घ्यायला बसच्या थांब्यावर येईल," बाई म्हणाल्या. "चालत. आल्यावर दोघांनी बरोबर खायचं. आणि एकदा डॉक्टरांना दाखवू. मनाच्या. मी येते सोबत."

"डोक्याच्या डॉक्टरकडं? लोक काय म्हणतील ओ बाई?"

"कंपनीत दरवर्षी तुमचे डोळे तपासतात, कान तपासतात. तेव्हा लोक काय म्हणतात?"

"तवा काय म्हणणार?"

"मग झालं तर. नुसत्या झोपेनं सगळं बरं होतं असं मी म्हणत नाही. तेवढी मी शहाणी नाही. झोपेपासून सुरुवात होते, एवढं मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवसापासून अश्विनी डोळे चोळत हायवेच्या थांब्यावर जाऊ लागली. मीही कधीकधी बरोबर जायची. काका बसमधून उतरायचे, पिशवीतून मोबाइल काढून तिच्या हातावर ठेवायचे. "घ्या, दमून आलाय. आता झोपू द्या याला." मग दोघं चालत घरी यायचे. त्या रस्त्यावर कंटेनर, ट्रेलर, बसगाड्या अखंड धावत असतात. तिथं कुजबुजून चालतच नाही. बापलेकीला एकमेकांशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं.

"काल भाजी काय होती?"

"दोडका!"

"काय?"

"दोडकाऽऽ!"

कोवळ्या उन्हात, धुळीत, दोडका म्हणून ओरडणारी अश्विनी मला अजून दिसते.

लगेच काही जादू झाली नाही. ती डॉक्टरांकडे गेली, काही महिने गोळ्या होत्या. मध्येच वाईट आठवडे यायचे, मोबाइल पिशवीत जायचा राहायचा, ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. मग बाई तिच्या खोलीत नव्हे, पायरीवर येऊन बसायच्या. पण केजला जायचं पुढे ढकललं गेलं, ते ढकललंच गेलं. आणि जानेवारीतल्या एका दुपारी हजेरीला तिचा नंबर आला तेव्हा मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "साडेअकरा, सात."

सगळा वर्ग वळला. बाईंची पेन्सिल थांबली. त्या काहीतरी बोलतील म्हणून आम्ही वाट पाहिली. त्यांनी आकडे लिहिले, एक मोठी जांभई दिली आणि पुढचा नंबर पुकारला. पण त्या जांभईनंतर त्यांनी पदरानं डोळे पुसले. जांभईनं पाणी येतंच म्हणा डोळ्यांत.

माझंही एक राहिलं. दहावीलाही बाईच आमच्या वर्गशिक्षिका होत्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "दोन वर्षं तुझा आकडा एकच आहे. दहा, सहा. खरी झोप अशी एकसारखी नसते गं."

माझी मान खाली गेली. मी रोज एक-दीडपर्यंत वाचत बसायची. घरातली पहिलीच शिकणारी म्हणून जागणं हेच मला प्रामाणिकपणाचं वाटायचं, आणि ते बाईंना आवडणार नाही म्हणून मी खोटं सांगायची.

"मी माझ्या दहावीच्या वर्षी कित्येक महिने झोपलेच नव्हते," बाई म्हणाल्या. "छातीत धडधडायचं. भिंतीतून माणसं बोलतात असं वाटायचं. आणि सगळे मला काय म्हणत होते माहितीये? किती अभ्यासू पोर आहे. कोणी विचारलंच नाही की तू झोपलीस का. म्हणून मी विचारते." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "खरं सांगितलं नाहीस तरी चालेल. पण झोप."

मी झोपायला शिकले. बी.एस्सी. झाले, ते जागून नाही, झोपून झाले, असं मी कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगायची तेव्हा त्या हसायच्या.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या. मागच्या हिवाळ्यात. मी आता चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. फर्स्ट शिफ्ट संपवून दुपारी बसनं येत होते, आणि माझ्या पुढच्या सीटवर, खिडकीला डोकं टेकून, त्या झोपल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. पायांत तेच पांढरे बूट. पर्सला शिट्टी निळ्या दोरीनं बांधलेली. सूर्य त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर येत होता, एखाद्या होर्डिंगच्या सावलीत विझत होता, पुन्हा येत होता.

मला त्यांना किती काय सांगायचं होतं. पदवी, नोकरी, आईनं शेजारणींना वाटलेले पेढे. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग अश्विनीला फोन लावला. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिचा आवाज म्हणे वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

"बोल गं!" ती नेहमीप्रमाणे ओरडली. मी फोन कानाला घट्ट दाबला.

"अशे, बाई दिसल्या. माझ्या पुढच्याच सीटवर आहेत."

"काय? ऐकू येत न्हाई! मोठ्यानं बोल की!"

"बाई. सोनकांबळे बाई. झोपल्यात."

मला वाटलं, फोन कट झाला. मग अगदी हळू, पंच्याच्या आडून यायचा तसा, तो जुना आवाज आला.

"उठवू नको हां," ती कुजबुजली.